कोरी माशाची अंडी व पिल्ले : घरच्या घरी होणारा जोडधंदा

रंगीत मासे विकणाऱ्या दुकानदाराचा खरा तोटा माल विकला न गेल्याने होत नाही, तो माल वाटेत मेल्याने होतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत ऑक्सिजन भरून लांबून आलेला मासा दमलेला असतो. जालन्याच्या जड पाण्यात पडला की त्यातील काही आठवड्याच्या आत मान टाकतात. येथेच जन्मलेला, येथल्या पाण्याची सवय झालेला मासा मिळत असेल तर दुकानदार दोन पैसे जास्त देतो. आमचा मूळ धंदा कापडाचा. तथापि काही वर्षांपासून आम्ही टाक्याही ठेवल्या आहेत आणि कारागीर मंडळी त्याबद्दल वारंवार विचारणा करतात, म्हणून हा मजकूर.

प्रथम मासा कोणता ते ठरवावे. मिशा असलेले सर्वच मासे घरच्या टाकीत अंडी घालीत नाहीत. दुकानात ‘सकर’ म्हणून मिळणारा काळा मासा फूटभराहून मोठा होतो व अंड्यांसाठी नदी-तलावाच्या काठात बीळ करतो. काचेच्या टाकीत त्याची आशा धरू नये. देशी मागुराचे बीज तयार करताना सुई टोचावी लागते व नराचे पोट फाडून वीर्यकोश काढावा लागतो. ते केंद्राचे काम आहे, घरचे नव्हे. आणि थाई मागुराच्या वाटेला तर कोणीच जाऊ नये. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली व २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्याचे साठे नष्ट करण्यास सांगितले. स्वस्तात ‘मागूर बीज’ देऊ करणाऱ्यापासून सावध राहावे.

घरासाठी सोयीचा मासा म्हणजे कोरी, पूर्ण नाव कोरिडोरास. मूळ दक्षिण अमेरिकेचा, जेमतेम अडीच इंचांचा, अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्या. तळाशी फिरून अन्न वेचतो, कोणाशी भांडत नाही. मधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतो, म्हणून टाकी काठोकाठ भरू नये. वरून पाहिल्यास मादी रुंद व गोल, नर सडपातळ दिसतो. एका मादीमागे दोन नर असा हिशेब ठेवावा.

अंडी घालण्याची वेळ या माशाला पाऊस सांगतो. आठ-दहा दिवस पोटभर खाऊ घालून, टाकीतले निम्मे पाणी काढून तेथे थोडे गार पाणी घातले की माशाला पावसाळा लागल्यासारखे वाटते. मादी पोटाखालच्या परांच्या ओंजळीत एका वेळी दोन-चार अंडी धरते व काचेवर नेऊन चिकटविते. हे तासन् तास चालते आणि एकूण अंडी शंभरावर जाऊ शकतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो. त्या दिवसांत हा उद्योग करूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. पावसाळा व हिवाळ्याची सुरुवात उत्तम. पाणी २४-२५ अंशांच्या आसपास असावे.

अंडी घातल्यावर आई-बापांचे काम संपते, आणि संधी मिळाली तर तेच ती खाऊन टाकतात. म्हणून त्याच दिवशी अंडी वेगळी करावीत. घातल्यावर काही तासांत ती टणक होतात, मग बोटाने हलकेच लोळवून किंवा दाढीच्या पात्याने खरवडून निघतात. ती उथळ पसरट भांड्यात त्याच टाकीच्या पाण्यात ठेवावीत, हवेचा पंप मंद चालवावा. मेथिलीन ब्लूचे थेंब पाणी फिकट निळे होईल इतकेच घालावेत. देशी बदामाचे वाळलेले पानही बुरशी आवरते. रोज सकाळी नीट पाहावे. दुधासारखे पांढरे पडलेले अंडे वांझ असते. ते ड्रॉपरने लगेच उचलावे, नाहीतर त्यावर कापसासारखी बुरशी येते व शेजारची अंडीही जातात. थानात कसर लागलेला एक पदर तसाच ठेवला तर काय होते हे कापडवाल्यांना सांगणे नको.

वीज जाणे ही आपल्याकडची मोठी अडचण. मोठा मासा वर येऊन श्वास घेईल, अंडे घेणार नाही. बॅटरीवरचा पंप घेऊन ठेवावा. तो नसेल तर पाणी तीन-चार बोटेच खोल ठेवावे, म्हणजे हवा लवकर मुरते.

पाण्याचे दोन दोष आहेत. बोअरचे पाणी फार जड असले की अंडी कमी फुटतात. त्यात जारचे फिल्टर पाणी निम्मे मिसळावे. फक्त जारचे पाणी वापरणे चुकीचे, त्यात क्षार जवळपास नसतातच. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते व ते पिल्लांना जहर आहे. उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मगच घालावे.

तीन ते पाच दिवसांत अंडी फुटतात. त्यानंतर दोन-तीन दिवस पिल्लू पोटाशी असलेल्या पिशवीवरच जगते. या काळात काहीही खायला टाकू नये. पिशवी आटली की मात्र उशीर चालत नाही. नुकताच फुटलेला आर्टेमिया हे सर्वांत चांगले खाद्य. एक लिटर पाण्यात २५-३० ग्रॅम आयोडीनविरहित मीठ, उजेड व हवा दिली की त्याची अंडी दीड दिवसात फुटतात. ते गाळून, गोड्या पाण्यात धुऊन, दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे. अंड्याचा उकडलेला पिवळा बलक पुष्कळ लोक सांगतात, परंतु त्याने पाणी लवकर नासते.

बहुतेक पिल्ले उपाशी राहून मरत नाहीत, घाण तळामुळे मरतात. ती तळाशीच राहतात आणि उरलेले अन्न सडते तेही तेथेच. मिशा झिजू लागल्या की समजावे, तळ खराब झाला. म्हणून पिल्लांच्या टाकीत वाळू-खडी नको, नुसती काच असावी. रोज बारीक नळीने तळ ओढून घ्यावा आणि जितके पाणी निघाले तितकेच, त्याच तापमानाचे, हळूहळू घालावे. गाळणीसाठी स्पंजचा फिल्टर लावावा, दुसऱ्या फिल्टरमध्ये पिल्ले खेचली जातात.

शंभर अंड्यांतून चाळीस-पन्नास मासे विक्रीपर्यंत आले तर आम्ही समाधान मानतो. त्यास दोन-तीन महिने लागतात, म्हणून यावर घर चालेल असे कोणी समजू नये; शिलाईकाम वा अन्य हस्तव्यवसाय करणाऱ्या घराला वरखर्चाचा आधार होतो इतकेच. माल तयार होण्याआधी दोन दुकानदारांशी बोलून ठेवावे, विक्रीच्या आदल्या दिवशी खाणे बंद ठेवावे, म्हणजे पिशवीतले पाणी घाण होत नाही. न विकलेला कोणताही परदेशी मासा, विशेषतः तो सकर, मोती तलावात किंवा कुंडलिकेत सोडू नये. तो तेथे वाढतो आणि स्थानिक माशांवर गुजराण करणाऱ्यांच्या जाळ्यात तोच येऊ लागतो.