बार्बेक्यूची शेगडी एका पावसाळ्यात का सडते? ती कशी साफ करायची आणि जपायची?

थंडी पडली की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर आणि येऊर, टिटवाळा, बदलापूरकडच्या फार्महाऊसवर कोळशाची शेगडी पेटते. थर्टी फर्स्टपर्यंत तिचे लाड होतात. मग ती कोपऱ्यात जाते आणि गटारीला आठवते. तोवर जाळी तांबडी झालेली असते आणि तळाला भोक पडलेलं असतं.

दोष पावसाला दिला जातो. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात खाडीकाठची खारट, दमट हवा. त्यामुळे पावसाचा वाटा आहेच. पण त्याला आतून मदत करते ती आपणच मागे ठेवलेली राख.

राख काय करते?

राखेत पोटॅशियमचे क्षार असतात. ते हवेतली वाफ ओढून घेतात. छत्रीखाली ठेवलेल्या शेगडीतली राखसुद्धा पावसाळ्यात ओलसर होते आणि ओल्या फडक्यासारखी पत्र्याला चिकटून बसते. लोखंड, पाणी, क्षार आणि हवा एकत्र आले की गंज वेगाने चढतो. म्हणून शेगडी नेहमी तळातून आधी जाते.

राख कधी आणि कुठे टाकायची?

लगेच नाही. वरून पांढरा दिसणारा कोळसा आत दुसऱ्या दिवसापर्यंतही धुमसत राहू शकतो. अशी राख प्लास्टिकच्या डब्यात किंवा सोसायटीच्या कचऱ्यात गेली तर आग लागते. झाकण आणि हवेची भोकं बंद करून शेगडी रात्रभर उघड्यावरच राहू द्या. सकाळी राख लोखंडी बादलीत काढा, त्यावर पाणी ओता आणि पूर्ण गार झाल्यावरच टाका. तापलेल्या शेगडीत मात्र पाणी ओतू नका. वाफेने हात भाजतो आणि बिडाची जाळी तडकते.

जाळी कशी घासायची?

साबणाआधी उष्णता वापरा. भाजणं संपल्यावर जाळी निखाऱ्यांवर आणखी दहा-पंधरा मिनिटं ठेवा. चिकटलेलं मांस, मसाला आणि चरबी जळून कोरडी पडते. मग लांब चिमट्यात अर्धा कांदा किंवा नारळाच्या शेंडीचा घट्ट गुंडा धरून जाळी घासा. बहुतेक काजळी तेवढ्यानेच सुटते.

चरबीचा जुना थर असेल तर गार झालेली जाळी गरम पाण्यात खायचा सोडा घालून तासभर भिजवा. आजीच्या काळची राखही चालते. राख अल्कधर्मी असते आणि तेलकटपणाचा काही भाग साबणात बदलते, म्हणूनच तिने भांडी निघायची. ती हाताला झोंबते, तेव्हा मोजे घाला आणि जाळी नीट धुऊन लगेच कोरडी करा. अॅल्युमिनियमच्या भागांना मात्र राख आणि सोडा दोन्ही लावू नका, ते काळे पडतात.

तारेचा ब्रश का टाळायचा?

त्याची तुटलेली बारीक तार जाळीला चिकटते, तिथून घासात आणि घासातून पोटात जाते. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने 2012 मध्ये अशा सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. काहींच्या घशात, तर काहींच्या आतड्यात तार रुतली होती. ब्रश वापरलाच तर नंतर जाळी ओल्या फडक्याने पुसा आणि उजेडात निरखून पाहा.

गंज चढला असेल तर?

वरवरचा तांबूस गंज काथ्याने किंवा पॉलिश पेपरने निघतो. मग जाळी धुवा, विस्तवावर कोरडी करा आणि खाद्यतेलाचा अगदी पातळ हात फिरवून पुन्हा तापवा. तेल घट्ट होऊन काळं आवरण तयार होतं. बिडाचा तवा आपण असाच तयार करतो. तेल जास्त झालं तर थर चिकट राहतो.

चकचकीत मुलामा पापुद्रे होऊन निघू लागला असेल तर जाळी बदला. बदलताना हार्डवेअरच्या दुकानातली जीआय जाळी आणू नका. तिच्यावर जस्ताचा थर असतो. जस्त सुमारे 420 अंशांना वितळतं आणि निखारे त्याहून तप्त असतात. जस्ताच्या धुराने थंडी-ताप येऊ शकतो. स्टेनलेस स्टीलची जाळी घ्या.

पावसाळ्यापूर्वी काय करायचं?

मे संपण्याआधी राख पूर्ण काढा, तळ धुऊन उन्हात कडक वाळवा. आतून तेलाचा हात द्या आणि शेगडी छताखाली, विटांवर उंच ठेवा. प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका, आत ओल कोंडते. उरलेला कोळसा झाकणाच्या डब्यात ठेवा. ओला कोळसा नुसता धुमसतो.

आणि पाऊस आला म्हणून पेटलेली शेगडी घरात किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत आणू नका. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद खोलीत तो जीव घेतो. गटारीला पाऊस हमखास असतो, तेव्हा त्या दिवशी चिकन गॅसवरच्या तव्यावर भाजलेलं बरं.