अर्धा शेर तांदूळ

ग्वाल्हेरला जाऊन आलेला माणूस जयविलास राजवाड्यातल्या चांदीच्या आगगाडीबद्दल सांगत सुटतो. जेवणाच्या टेबलावर रूळ टाकलेले, त्यावरून ब्रँडी नि सिगार पाहुण्यांपुढे येत. मीही ती लहानपणी पाहिली. पण राजवाडा बघताना माझं लक्ष परतण्याकडे असायचं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, ‘चितनीस की गोठ’ या वस्तीत मावशीचं घर होतं आणि रात्री तिच्याकडे वरणभात असायचा.

तुरीची डाळ पितळेच्या पातेल्यात शिजायची. हिंग, हळद, मीठ, सुपारीएवढा गूळ, मग रवीने घोटायची. जिरं नाही, लसूण नाही, वरून फोडणीही नाही. शेजारच्या काकी म्हणायच्या, ये तो बीमारों की दाल है. मावशी हसून मऊ भातावर वरण घालायची, त्यावर साजूक तुपाची धार, पानाच्या डाव्या बाजूला लिंबाची फोड. तिच्या बोलण्यात हिंदी पुरती मुरलेली होती. ‘भाजीत धनिया टाक’ असं ती सहज म्हणे. वरणाला मात्र तिने जन्मात कधी दाल म्हटलं नाही.

दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमाराला ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली छावणी टाकली, तिचंच लष्कर झालं. फालका बाजार, पाटणकर बाजार, शिंदे की छावणी ही नावं अजून तिथल्या रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत. कोण सरदार कुठून आला, हे पुस्तकांतून सापडतं. ही माणसं साध्या मंगळवारी, पाहुणा नसताना, सण नसताना काय जेवत होती, हा प्रश्न मला गेली कितीतरी वर्षं सोडत नाही. मुलूख चंबळचा: गहू, बाजरी, हरभरा, मोहरी. भात पिकवणाऱ्या प्रदेशातून आलेल्या घरांना तांदूळ इथे विकत घ्यावा लागे. मावशीकडेही दुपारी पोळ्याच असत. भात रात्री, तोही बेताचा.

कागद शोधायला लागलं की पंक्ती सापडतात. मुंजी, राज्यारोहणं, ब्राह्मणभोजनं, सगळ्यांचे हिशेब कुणी ना कुणी ठेवलेले असतात. रोजच्या जेवणाचा हिशेब ठेवायची गरजच कुणाला वाटली नाही. छापील पाकपुस्तकांचीही तीच तऱ्हा. रामचंद्र सखाराम गुप्त्यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ चं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ १९१० चं. मोलाची पुस्तकं, पण लष्करातल्या घरात रोज काय शिजत होतं ते त्यांतून कळायचं नाही.

मग मला जे हवं होतं ते भलत्याच ठिकाणी मिळालं. विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवासा’त.

गोडसे पेणजवळच्या वरसईचे. कर्ज डोक्यावर, म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. दौलतरावांच्या विधवा बायजाबाई मथुरेला मोठा यज्ञ करणार, भरघोस दक्षिणा मिळणार, अशी बातमी होती. वाटेत बंड पेटलं आणि भिक्षुकीला निघालेला हा कोकणस्थ थेट झाशीच्या वेढ्यात सापडला. सगळं आटोपून घरी परतल्यावर पंचवीसएक वर्षांनी त्यांनी आठवणी लिहिल्या. चिंतामण विनायक वैद्यांनी त्या १९०७ साली हात फिरवून छापल्या. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ ची. ज्यांनी फक्त वैद्यांची प्रत वाचली आहे, त्यांनी पोतदारांची जरूर मिळवावी.

काल्पीच्या वाटेवरचा तो प्रसंग बहुतेकांना माहीत आहे. १८५८ चा उन्हाळा. विहिरीवर गोडसे आणि समोर धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ झालेली राणी लक्ष्मीबाई. गोडसे पाणी काढून द्यायला पुढे होतात. ती थांबवते. विद्वान ब्राह्मणाकडून पाणी काढवून घेणं तिला बरं वाटत नाही. ती स्वतः मातीच्या भांड्याने पाणी ओढते आणि ओंजळीने पिते. मग आपल्या नशिबाबद्दल बोलताना सांगते की, आपली गरज ती किती, अर्ध्या शेर तांदळाची.

हे वाक्य मी शाळेत असताना वाचलं तेव्हा त्यात त्याग दिसला होता. आता माप दिसतं.

राणीचं बालपण ब्रह्मावर्तात, म्हणजे बिठूरला गेलं, संसार बुंदेलखंडात. दोन्हीकडे रोजचं मुख्य अन्न भात नव्हे. तरी पोटाचा हिशेब तांदळात. हा तांदूळ तिचा की वरसईच्या गोडशांचा? पंचवीस वर्षांनी आठवून लिहिताना कोकणातल्या माणसाच्या लेखणीतून भात उतरला असेल, अशी शंका मला बरेच दिवस होती. आज मला ती पटत नाही. पेशव्यांच्या आश्रितांच्या घरात वाढलेल्या मुलीच्या तोंडी तांदूळच यायचा. मुलूख सुटला तरी भूक कोणत्या धान्यात सांगायची, ते घरातली भाषा ठरवते.

आणि अर्धा शेर म्हणजे नेमका किती? उत्तरेकडच्या बाजारात शेर वजनाचा. ८० तोळ्यांचा पक्का शेर धरला तर ९३३ ग्रॅम, म्हणजे अर्धा साधारण ४६६. कोकणात मात्र तांदूळ तोलत नसत, मापत. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. म्हणजे गोडशांच्या कानाला अर्धा शेर म्हणजे एक मापटं. एका माणसाला दोन्ही वेळा पोटभर, वर एखाद्या आल्यागेल्याला घासभर. नवी सून उंबऱ्यावर पायाने लवंडते तेही तांदळाने भरलेलं मापच. ज्या मापाने बाई घरात येते, त्याच जातीच्या मापाने राणी आपलं उरलेलं आयुष्य मोजत होती, हे ध्यानात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो.

पुढची कथा ग्वाल्हेरची. राणी आणि बंडवाले तिथे पोचले, १ जून १८५८ ला जयाजीराव शिंद्यांची फौज त्यांच्या बाजूने फिरली आणि जयाजीराव आग्र्याकडे निघून गेले. जयविलास तेव्हा बांधलेला नव्हता, तो १८७४ चा. शिंद्यांचा जुना वाडा गोरखीत, महाराज बाड्याच्या चौकाला लागून. तिथे पुढे कित्येक वर्षं सरकारी कचेऱ्या होत्या. बंडवाल्यांचे पुढारी रावसाहेब पेशवे यांनी ३ जूनला फुलबागेत दरबार भरवला आणि पाठोपाठ ब्राह्मणभोजनाच्या पंक्ती उठू लागल्या. राणीला हे रुचलं नाही, असं चरित्रकार सांगतात. माझं मत विचाराल तर राणीचंच बरोबर होतं. शत्रू चालून येत असताना ज्या राज्याला पहिल्यांदा पंगत आठवते, ते टिकत नाही. १६ जूनला इंग्रज सेनापती ह्यू रोजने मुरार घेतलं. दुसऱ्याच दिवशी कोटा की सरायजवळ लढाई झाली आणि राणी त्या रणात पडली. गंगादासाच्या मठाजवळ तिचं दहन झालं. फुलबागेतल्या तिच्या समाधीपासून गोरखी हाकेच्या अंतरावर नसली, तरी चालत जाता येते.

पंक्तींचं वर्णन झालं, दरबाराचं झालं. त्या १७-१८ दिवसांत लष्करातल्या गोठींमधून, दारं लावून घेतलेल्या घरांत काय शिजलं, हे कुणी लिहिलं नाही. दाराबाहेर फौज असताना बायकांनी चुलीवर जे ठेवलं असेल, ते वरणभाताहून फार वेगळं नसावं असं मला वाटतं.

मावशी गेली. घर विकायच्या वेळी मावसभावाने फळीवरचं पितळी मापटं मला दिलं. काठाला पोचा आहे, आत तांदळाचा पांढरा थर अजून खरवडला तर निघतो. माझ्याकडे वाटीभर तांदूळ रोज लागतो, तरी मी तो त्यातूनच घेतो. त्याच फळीवर मावशीच्या सासूच्या हातच्या किराण्याच्या वह्या होत्या. कोणत्या महिन्यात किती तांदूळ, किती तूर, गूळ केवढ्याचा, सगळं त्यात होतं म्हणे. घर आवरताना त्या रद्दीत गेल्या.

लष्करात, इंदुरात, देवासला, बडोद्यात, तंजावरला, कुठल्याही मराठी घरात अशा वह्या अजून माळ्यावर असतील. मोडीत असल्या, वाचता येत नसल्या, तरी टाकू नका. भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या एखाद्या संस्थेकडे द्या, नाहीतर निदान पानापानाचे फोटो काढून ठेवा.