कोर्टाची पायरी न चढणारे वकील : लॉ करता करता कॉर्पोरेट करिअरची तयारी कशी करायची?

८ ऑक्टोबर २०२१. बातमी आली की एअर इंडिया टाटांची झाली. १८ हजार कोटींची बोली मंजूर झाली होती. सोशल मीडियावर जेआरडींचे जुने फोटो फिरायला लागले, लोकांनी स्टेटस ठेवले.

पण कंपनी प्रत्यक्षात टाटांच्या ताब्यात गेली ती २७ जानेवारी २०२२ ला.

मग मधले साडेतीन महिने काय चाललं होतं?

तर कागद चालले होते. २५ ऑक्टोबरला शेअर खरेदीचा करार झाला. त्यातल्या अटी एक एक करून पूर्ण करायच्या होत्या. स्पर्धा आयोगाची मंजुरी हवी होती, ती डिसेंबरमध्ये मिळाली. कर्ज देणाऱ्या बँका, विमानं भाड्याने देणाऱ्या कंपन्या, सगळ्यांची संमती हवी होती. १८ हजार कोटींपैकी १५,३०० कोटी कर्जाच्या रूपात आणि २,७०० कोटी रोख, हे गणित करारात चोख बसवायचं होतं.

यातलं एकही काम जजसमोर उभं राहून होत नाही. पण हे सगळं वकिलांचं काम आहे. यालाच म्हणतात कॉर्पोरेट लॉ.

आपल्याकडे ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असं म्हणतात. कॉर्पोरेट वकिलाला पैसे मिळतात ते कंपनीवर ती पायरी चढायची वेळ येऊ नये म्हणूनच.

नेमकं काम काय असतं?

गावाकडं जमीन घेताना आपण काय करतो? सातबारा बघतो, फेरफार काढतो, बँकेचा बोजा आहे का ते तपासतो, बहिणींच्या सह्या झाल्यात का ते विचारतो. वकिलाकडून सर्च रिपोर्ट घेतो आणि मगच इसार देतो.

एक कंपनी दुसरी कंपनी घेते तेव्हा हेच होतं. फक्त सातबाऱ्याच्या जागी शेकडो करार, कर्जाचे कागद, कामगारांच्या केसेस आणि टॅक्सच्या नोटिसा असतात. या तपासणीला ड्यू डिलिजन्स म्हणतात. नवीन वकिलाची पहिली दोन वर्षं बऱ्याचदा यातच जातात. काम कंटाळवाणं असतं, पण एक अट नजरेतून सुटली तर पक्षकाराला कोट्यवधींचा फटका बसू शकतो.

याशिवाय आयपीओची कागदपत्रं, बँकांचे कर्ज करार, स्टार्टअपमधली गुंतवणूक, दिवाळखोरीची प्रकरणं आणि कंपनीचे रोजचे करार अशी कामं असतात.

मोठं कॉलेज नसेल तर?

खरा प्रश्न इथं आहे. खोटं कशाला बोला, मोठ्या लॉ फर्म्स कॅम्पसवर जातात त्या ठराविक कॉलेजांतच. त्यात क्लॅटमधून प्रवेश मिळणारी नामांकित राष्ट्रीय विधी विद्यापीठं पुढं असतात. महाराष्ट्रात अशी विद्यापीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. फी मात्र वर्षाला काही लाखांत जाते. घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलांना इथवर पोचता यावं म्हणून प्रा. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये ‘आयडिया’ ही संस्था सुरू केली. बारावीच्या आधी असाल तर तिची माहिती जरूर काढा.

दुसरा रस्ता एमएच सीईटी लॉचा. मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज (स्थापना १८५५) आणि पुण्याचं आयएलएस (स्थापना १९२४) इथली मुलं या क्षेत्रात वर्षानुवर्षं आहेत.

आणि जिल्ह्याच्या कॉलेजात असाल तर? कॅम्पस तुमच्याकडं येणार नाही, तुम्हाला त्याच्याकडं जावं लागेल. जायचं साधन म्हणजे इंटर्नशिप.

कोणते विषय पक्के करायचे?

सुरुवात १८७२ च्या करार कायद्यापासून करा. बरीच मुलं पहिल्या वर्षी तो पाठ करून विसरतात, आणि मुलाखतीत अडकतात ती तिथंच. साधा प्रश्न बघा. ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षं दुसऱ्या कंपनीत जायचं नाही’ अशी अट कंपनीने घातली तर ती चालते का? कलम २७ नुसार व्यवसाय-धंद्यावर बंदी घालणारा करार निरर्थक ठरतो. मग अशा अटी करारात असतात कशाला? धंद्याचं गुडविल विकलं तर काय होतं? असा विचार करता आला की विषय समजला.

त्यानंतर कंपनी कायदा २०१३, सेबीचे नियम, दिवाळखोरी संहिता २०१६, स्पर्धा कायदा २००२ आणि फेमा १९९९. सगळं एकदम वाचायची गरज नाही. एक बातमी घ्या आणि तिच्यामागचा नियम शोधा. २०२२ मध्ये अदानी समूहाने एनडीटीव्हीचे २९.१८ टक्के शेअर्स अप्रत्यक्षपणे घेतले आणि लगेच आणखी २६ टक्क्यांसाठी ओपन ऑफर काढली. का? कारण सेबीच्या २०११ च्या टेकओव्हर नियमांनुसार २५ टक्क्यांची रेषा ओलांडली की बाकीच्या भागधारकांना किमान २६ टक्क्यांसाठी ऑफर द्यावीच लागते. असं शिकलेलं कलम परीक्षेनंतरही डोक्यात राहतं.

ताळेबंदही वाचता आला पाहिजे. बी.कॉम. करून तीन वर्षांच्या लॉला आलेल्यांना इथं फायदा होतो. बाकीच्यांनी अकाउंट्सची अकरावी-बारावीची पुस्तकं उघडायला लाजू नये.

इंटर्नशिप कशी मिळवायची?

बार कौन्सिलच्या नियमानुसार पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे इंटर्नशिप करावीच लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. म्हणजे संधी मोजक्याच आहेत, त्या वाया घालवू नका.

पहिल्या वर्षी थेट मोठी फर्म धरायचा हट्ट नको. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टातल्या वकिलाकडं बसा. करार मोडल्यावर माणसं कशी भांडतात हे तिथं दिसतं, आणि ते बघितलेला माणूस करार चांगला लिहितो. मग एखाद्या सीए किंवा कंपनी सेक्रेटरीचं ऑफिस, मग मध्यम लॉ फर्म किंवा कंपनीचा लीगल विभाग, आणि शेवटच्या दोन वर्षांत मोठी फर्म.

मेल पाठवताना चाळीस फर्म्सना एकाच मेलमध्ये टाकून ‘आदरणीय सर/मॅडम’ लिहू नका, तो मेल सरळ कचऱ्यात जातो. एकेका फर्मचं काम बघा, दोन ओळीत सांगा की त्यांच्याकडंच का यायचंय, आणि एक पानाचा सीव्ही जोडा. उत्तरं फार येणार नाहीत, तरी पाठवत राहा.

आणि हो, पैसे घेऊन घरबसल्या सर्टिफिकेट देणाऱ्या ‘इंटर्नशिप’पासून लांब राहा. मुलाखतीत सर्टिफिकेट कुणी वाचत बसत नाही. काय काम केलं, असं विचारतात.

इंग्रजीचं काय?

मराठी माध्यमातल्या मुलांना पोटात गोळा आणणारा हाच प्रश्न. पण करारातलं इंग्रजी भाषणबाजीचं नसतं. कोण, काय, कधीपर्यंत करणार आणि नाही केलं तर काय, एवढं स्वच्छ लिहिता आलं पाहिजे.

घरात ११ महिन्यांचा भाडेकरार असेल तर तो काढा. डिपॉझिट कधी परत, नोटीस किती दिवसांची, दुरुस्ती कुणाकडं, हे आधी मराठीत लिहा. मग तेच साध्या इंग्रजीत लिहा. आठवड्याला एक करार असं वर्षभर केलंत तर फरक तुम्हालाच दिसेल.

सनदेचा एक मुद्दा आधीच समजून घ्या

लॉ झाल्यावर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडं नोंदणी होते. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायद्यात असलेल्या फीपेक्षा जास्त फी घेता येणार नाही. खुल्या गटासाठी ती ७५० रुपये आणि एससी-एसटीसाठी १२५ रुपये आहे. त्यानंतर ऑल इंडिया बार एक्झाम पास व्हावी लागते.

पण कंपनीत पगारी, पूर्णवेळ नोकरी धरली तर सोबत वकिली करता येत नाही. सनद स्थगित करून ठेवावी लागते. हे बऱ्याच जणांना नोकरी लागल्यावर कळतं.

मुंबईत एक जुना रस्ताही आहे. बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा. त्यासाठी सॉलिसिटरकडं आर्टिकलशिप करावी लागते. परीक्षा अवघड आहे, पण मुंबईच्या फर्म्समध्ये तिला आजही मान आहे.

हे सगळं आपल्याला झेपेल का?

पगार चांगला असला तरी रात्री दोनला येणारे मेल आणि रद्द होणारे रविवारही त्यातच धरलेले असतात. ज्याला माणसांसमोर उभं राहून बोलायला आवडतं त्याला इथं घुसमटल्यासारखं होऊ शकतं. कोर्टातली वकिली कमी दर्जाची अजिबात नाही. वेगळी आहे, एवढंच.

झेपेल की नाही हे तपासायला पैसे लागत नाहीत. सेबीच्या वेबसाईटवर जा, झोमॅटो किंवा एलआयसीच्या आयपीओचं माहितीपत्रक फुकटात डाउनलोड करा आणि त्यातली जोखमीची आणि कोर्टकचेरीची प्रकरणं वाचा.

वीस पानं वाचून झोप आली तर काही बिघडलं नाही, कोर्ट आहेच. पण ‘ही अट त्यांनी इथं का घातली असेल?’ असा प्रश्न पडला, तर उद्यापासून तयारीला लागा.