फुप्फुस गोठवताना

सेलूच्या परिसरात गाय माजावर आली की पशुवैद्यक निमुळत्या गळ्याच्या कंटेनरमधून रेतमात्रेची बारीक नळी काढून कोमट पाण्यात धरतात. द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे 196 अंश सेल्सिअसला राहिलेल्या देवणी किंवा लाल कंधारी वळूच्या शुक्रपेशी पुन्हा हालचाल करू लागतात. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कचे मेंदूशल्यविशारद आयर्विंग कूपर यांनी हाच नायट्रोजन पोकळ सळईतून खेळवला, तो मात्र मेंदूतल्या पेशी मारण्यासाठी.

गारठा तोच, निकाल ठरवतो तो बर्फ. रेतात ग्लिसरॉल मिसळलेलं असतं, ते पेशींना बर्फापासून वाचवतं. त्याचा हा गुण ब्रिटिश संशोधकांना 1949 साली सापडला. तशाच थंड सळईनं कर्करोगाची गाठ गोठवून मारतात, तेव्हा तिला असं कवच नसतं. सावकाश गोठवलं तर पेशीबाहेर धरलेला बर्फ आतलं पाणी ओढून घेतो; झपाट्यानं गोठवलं तर स्फटिक पेशीतच तयार होतात. वितळताना पाणी परत आत शिरतं आणि पेशी फुगून फुटते. भोवतीच्या बारीक रक्तवाहिन्याही गुठळ्यांनी बंद पडतात.

फुप्फुसात मात्र हे गणित अडतं. वायुकोशांतली हवा गोधडीसारखी थंडी अडवते आणि गोठायला पाणीही कमीच.

म्हणूनच अमेरिकेतल्या संशोधकांनी डुकरांच्या निरोगी फुप्फुसांत गोठवण्याच्या दोन पद्धती ताडून पाहिल्या. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकूण 18 ठिकाणं गोठवली. निम्म्या ठिकाणी 10 मिनिटं गोठवणं, 5 मिनिटं वितळवणं, पुन्हा 10 मिनिटं गोठवणं. उरलेल्या निम्म्यांत गोठवणं तीनदा: 3, 7 आणि 5 मिनिटं, मधे 3 आणि 7 मिनिटांची उसंत. पहिल्यांदा गोठवताना सीटी स्कॅनवर काहीच बदल दिसला नाही. वितळणं सुरू झालं तेव्हा कुठे सळईभोवती धूसर डाग उमटला. रक्त आणि द्रव पाझरून हवेची जागा भरते, आणि पुढच्या फेरीतल्या बर्फाला हवं असलेलं पाणी मिळतं ते इथे.

गोठवण्याचा एकूण वेळ दुहेरी पद्धतीत 20 मिनिटं, तिहेरीत 15. तरी नष्ट झालेल्या भागाचा सरासरी व्यास जवळजवळ सारखाच: 1.66 आणि 1.67 सेंटिमीटर. शिवाय तिहेरी पद्धतीत तो डाग तेराव्याऐवजी सहाव्या मिनिटालाच दिसला. ज्या रुग्णाला छाती उघडण्याची शस्त्रक्रिया झेपणारी नाही, त्याच्यासाठी ही आगाऊ खूण फार मोलाची, कारण डॉक्टरांना सळईची जागा लवकर पारखता येते.

ही फुप्फुसं निरोगी होती. माणसातली गाठ भरीव असते आणि तिच्यात थंडी सहज पसरते. पण बर्फगोळ्याच्या कडेला तापमान शून्याच्या आसपासच राहतं, पेशींचा खात्रीनं नाश करणारा उणे 40 अंशांच्या आसपासचा गारठा बराच आत असतो. त्यामुळे बर्फ गाठीच्या पलीकडे, हवेनं भरलेल्या फुप्फुसातही न्यावाच लागतो.