प्लेअर नवा टाकला, तरी आवाज का नाही?

पुसद असो की दारव्हा, घरच्या कॉम्प्युटरवर लग्नाचा व्हिडिओ लावला की कधी कधी नवरदेव दिसतो, पण बँड ऐकू येत नाही. मग व्हीएलसी प्लेअर काढून पुन्हा टाकतात. दुखणं तेच!

कारण प्लेअर एका जागी राहतो आणि त्याच्या सेटिंग्ज विंडोजच्या ‘अ‍ॅपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये. प्लेअर काढला तरी त्या बहुधा मागे उरतात. नवा आचारी आला, पण भिंतीवर ‘मीठ घालू नये’ ही जुनीच चिठ्ठी! कधीतरी आवाज टीव्हीकडे वळवलेला असतो. टीव्ही निघाला, नोंद राहिली. ‘टूल्स’मधल्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये जाऊन ‘रिसेट’ करा, प्लेअर बंद करून उघडा.

त्याआधी दुसरा एखादा व्हिडिओ मात्र जरूर लावून पाहा. तो नीट चालला, तर प्लेअर बिचारा निर्दोष आहे, दोष फाइलचा. चित्रही दिसत नसेल, तर ती अर्धवट असू शकते. एमपी-४ फाइलची अनुक्रमणिका पुष्कळदा अगदी शेवटी असते. पेनड्राइव्हवरून कॉपी होताना मधेच लाइन गेली, तर ही अनुक्रमणिका येतच नाही आणि आलेला भागही प्लेअरला उलगडत नाही. अशी फाइल मूळ ठिकाणाहून पुन्हा आणावी. शूटिंगवाल्याकडची प्रत पुसली जाण्याआधी.