अणदूरच्या डेव्हलपरला बेंगळुरूच्या स्टेजवर कोण बोलावणार?

सोलापूर-हैदराबाद हायवेवर नळदुर्गजवळ अणदूर लागतं. इथलं किंवा आसपासचं पोरगं इंजिनिअरिंग करतं, पुण्यात जातं, कॉट बेसिसवर राहतं आणि नोकरी शोधायला लागतं. तिथं पहिला प्रश्न येतो, कॉलेज कोणतं? उत्तर ऐकलं की बऱ्याचदा बायोडेटा बाजूला पडतो.

मग कॉलेजचं नाव मोठं नसेल तर करायचं काय?

एक जुना रस्ता आहे. स्वतःचं काहीतरी बनवायचं आणि त्याबद्दल चारचौघांत बोलायचं. याला साईड प्रोजेक्ट आणि कॉन्फरन्स टॉक म्हणतात.

हा रस्ता भारतात कुणी रुंद केला, तर त्यात एक मराठी आडनाव पुढे येतं. अतुल चिटणीस.

जन्म १९६२ चा, बर्लिनमधला. इंजिनिअरिंग केलं बेळगावात आणि काम केलं बेंगळुरूत. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला. त्याच्या आधीच चिटणीस फोनलाईनवर चालणारा बुलेटिन बोर्ड चालवत होते. १९९६ ला पीसीक्वेस्ट मासिकासोबत लिनक्सची सीडी वाटली गेली, त्यामागेही तेच होते. डाऊनलोड करणं अशक्य होतं त्या काळात या सीडीमुळे लिनक्स गावोगावच्या पोरांच्या हातात पडलं.

२००१ ला त्यांनी आणि सोबत्यांनी लिनक्स बेंगळुरू ही परिषद सुरू केली. २००५ ला तिचं नाव झालं फॉस डॉट इन. पुढे त्यांनी नुसती भाषणं ऐकवणं कमी केलं आणि एकत्र बसून कोड लिहिण्यावर भर दिला. लोकांनी ऐकून घरी जाण्यापेक्षा काम करून जावं, असा हिशोब. २०१२ ला ही परिषद थांबली आणि ३ जून २०१३ ला चिटणीस कॅन्सरने गेले. पण तोवर आपल्याकडे अशा परिषदांची सवय लागली होती. २००९ ला पायकॉन इंडिया सुरू झाली. ती २०११ ला पुण्यात झाली, २०१८ आणि २०२३ ला हैदराबादला. म्हणजे अणदूरवरून जाणाऱ्या हायवेच्या दोन्ही दिशांना.

आता मुद्द्याचं. तिथं बोलायला मिळतं कसं?

बोलावणं येत नसतं, अर्ज करावा लागतो. परिषदेच्या काही महिने आधी प्रस्ताव मागवले जातात. विषय काय, ऐकणाऱ्याला काय मिळणार, हे अर्ध्या पानात लिहायचं. काही ठिकाणी पहिल्या फेरीत नाव आणि कंपनी झाकून प्रस्ताव वाचतात. इथं कॉलेज विचारलं जात नाही. मानधन सहसा नसतं, पण काही परिषदा प्रवासासाठी मदत देतात. त्याचा अर्ज वेगळा असतो आणि तो न लाजता करायचा.

आणि प्रोजेक्ट कशावर करायचा?

टू-डू लिस्टचं ॲप हजारो जणांनी बनवलंय. आपल्या गावातला प्रश्न मात्र आपल्यालाच माहीत असतो. अणदूरचंच बघा. खंडोबाची मूर्ती वर्षातला काही काळ अणदुरात असते, काही काळ मैलारपूर-नळदुर्गात. लांबून येणाऱ्या भाविकाला एवढंच हवं असतं, देव आज कुठे आहे? हे सांगणारं एक साधं पान बनवायला घेतलं तरी मराठी तिथी आणि इंग्रजी तारखेची सांगड घालावी लागते, कमी नेटवर्कमध्ये चालवावं लागतं. ही सांगड कशी घातली, हाच वीस मिनिटांचा टॉक होतो.

नवीन काही सुचत नसेल तर चालू प्रोजेक्टमध्ये हात घाला. फायरफॉक्सचं मराठी भाषांतर स्वयंसेवक करतात. चूक दिसली तर सुधारणा सुचवा. अनोळखी माणसाने तुमचं काम तपासून स्वीकारलं, तर तो पुरावा कायम राहतो.

एक सावधगिरी मात्र पाळा. १९५७ च्या कॉपीराईट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं असतं. कंपनीचा लॅपटॉप आणि ऑफिसची वेळ साईड प्रोजेक्टला वापरू नका. ऑफर लेटरमधली याबद्दलची अट आधी वाचा. काही कंपन्या बाहेरच्या कामासाठी लेखी परवानगी मागतात.

आणि हेही खरं की हा रस्ता सगळ्यांना सारखा सोपा नाही. नोकरी करून, घरी पैसे पाठवून, रविवारी कोड लिहायला वेळ उरतोच असं नाही. म्हणून दरवर्षी पाच प्रोजेक्ट करण्याचा हट्ट नको. एकच करा, पूर्ण करा, कुणीतरी वापरेल असं करा. पहिला टॉक पुण्या-सोलापुरातल्या छोट्या मीटअपला द्या, मराठीत द्या. प्रश्न आले की कळतं, आपल्याला नक्की काय येतं.

पुढच्या मुलाखतीत कॉलेजच्या नावानंतर सांगायला तुमच्याकडे आणखी एक वाक्य असेल. बऱ्याचदा तेवढंच लागतं.