ताटातली डावी बाजू

लकव्यातून उठलेला माणूस ताटातली उजवीकडची भाजी-पोळी संपवतो, डावीकडचं वरण-भात तसंच ठेवतो आणि आणखी वाढा म्हणतो. घरच्यांना वाटतं, नजर गेली किंवा डोकं बिघडलं. पुष्कळदा दोन्ही खरं नसतं. मेंदूचा उजवा भाग दुखावला की अनेकदा डाव्या बाजूकडे लक्षच वळत नाही. दाढी अर्धी राहते, सदऱ्याची डावी बाही लोंबते, आणि आपल्याला काही झालंय हेही रुग्णाला पटत नाही. हा हट्ट नव्हे. त्याच्यावर रागावू नका.

मिलानच्या बिसियाक आणि लुझ्झात्ती या संशोधकांनी १९७८ मध्ये अशा दोन रुग्णांना तिथल्या कॅथेड्रलसमोरचा चौक आठवायला सांगितला. एका टोकाला उभं असल्याची कल्पना केली, तेव्हा उजवीकडच्याच इमारती आठवल्या. समोरच्या टोकाला गेल्याची कल्पना करताच आधी गाळलेल्या आठवल्या. म्हणजे उणीव डोळ्यांत नाही. मला हा प्रयोग विलक्षण वाटतो.

लकव्याचा झटका आला, तर आर्वीकरांसाठी पहिली गोष्ट वेळेची. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. सेवाग्राम किंवा सावंगी मेघेची मोठी रुग्णालयं गाठण्यात त्यातला वेळ जातो. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, की लगेच १०८ लावा.

नंतर घरी ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवा, ती दिसेपर्यंत मान वळवायला सांगा. बोलताना हळूहळू डावीकडून बोला. रस्ता ओलांडताना आणि चुलीजवळ मात्र एकटं सोडू नका.